खुल्या दर्यावरील शर्यती

इ. स. १९०५ च्या मे महिन्यात 'ल माताँ' या फ्रेंच वृत्तपत्राच्या पुढाकाराने भूमध्य समुद्रात एक विलक्षण शर्यत योजिली गेली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील अल्जिअर्स बंदरातून निघावे, वाटेत मिनोर्का बेटावरील माहोन बंदरात विसावा घ्यावा, आणि तेथून फ्रान्सचे तुलाँ बंदर गाठावे, असा मार्ग ठरला होता. पेट्रोलवर चालणाऱ्या सात होड्या निघाल्या. फ्रेंच आरमाराची जहाजे त्यांच्या सोबतीला होती. माहोनपर्यंतचा पहिला टप्पा सुरळीत पार पडला. दुसऱ्या टप्प्यात मात्र वादळाने गाठले, आणि सातांपैकी सहा होड्या समुद्राने गिळंकृत केल्या. त्यांतील माणसांना आरमारी खलाशांनी मोठ्या प्रयासाने आपल्या जहाजांवर ओढून घेतले.

आता प्रश्न असा उत्पन्न झाला की, जी शर्यत कोणी पुरी केलीच नाही तिचा विजेता कोण? आम्हा वकील मंडळींना असल्या प्रश्नांची गोडी जरा अधिकच असते. शर्यतीची अट पुरी झाली नाही, सबब बक्षिसावर कोणाचाच हक्क उत्पन्न होत नाही, असा युक्तिवाद सहज करता आला असता. परीक्षकांनी तो मार्ग पत्करला नाही. दोन महिन्यांनी त्यांनी निर्णय दिला की, बुडण्यापूर्वी जी होडी तुलाँच्या सर्वांत निकट पोहोचली होती ती विजयी समजावी. ही होडी 'कामिय' होती आणि ती चालविणाऱ्या बाईंचे नाव होते मादाम कामिय द्यु गास्त.

हा निर्णय मला अतिशय मार्मिक वाटतो. एरवी शर्यत म्हणजे कोण किती वेगाने धावला याचा हिशेब. येथे परीक्षकांनी मोजला तो वेग नव्हे. समुद्राशी झगडत कोण किती वेळ टिकून राहिले, हे त्यांनी मोजले. खुल्या समुद्रातील यांत्रिक होड्यांच्या शर्यतींचा पुढील शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे त्या परीक्षकांनी नकळत या खेळाची व्याख्याच करून ठेविली होती, असे म्हणावेसे वाटते.

मादाम द्यु गास्त या मूळच्या मोटारींच्या शर्यतीतल्या. १९०३ च्या पॅरिस ते माद्रिद या कुप्रसिद्ध शर्यतीत, जिच्यात इतके अपघात झाले की सरकारला ती बोर्दोपाशीच थांबवावी लागली, या बाईंनी आपली गाडी थांबवून एका जखमी प्रतिस्पर्ध्याची शुश्रूषा केली होती. त्याचे बक्षीस काय मिळाले? तर पुढच्याच वर्षी स्त्रियांना मोटारींच्या शर्यतीत मज्जाव करण्यात आला. स्त्रीची प्रकृती अशा क्षोभाला पेलणारी नसते, अशी त्यामागची विचारसरणी. तेव्हा बाईंनी जमीन सोडली आणि पाणी धरले. पाण्यावर त्यांना मनाई करण्याचे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

योगायोग असा की, या खेळाच्या अगदी आरंभीही एक स्त्रीच दिसते. १९०३ साली इंग्लंडमधील वृत्तपत्रव्यवसायातील धुरंधर आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी यांत्रिक होड्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय चषक ठेवला. आयर्लंडमधील क्वीन्सटाउन बंदरात झालेली त्याची पहिली शर्यत 'नेपियर' या होडीने जिंकली, आणि त्या होडीत डोरोथी लेव्हिट नावाची तरुणी होती. चषकावर नाव कोरले गेले ते मात्र होडीचे मालक सेल्विन एज यांचे. त्या होडीचा वेग होता ताशी सुमारे साडेएकोणीस मैल. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे पुढे काम पडणार आहे.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यांत्रिक होड्यांना एकदा स्थान मिळाले. शर्यती साउदॅम्प्टनच्या खाडीत झाल्या. हवा इतकी बिघडली की तिन्ही वर्गांत प्रत्येकी एकच होडी शेवटपर्यंत पोहोचली. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांची बलाढ्य होडी चिखलात रुतून बसली, आणि थॉर्निक्रॉफ्ट यांच्या 'जिरायनस' या लहानशा होडीने दोन सुवर्णपदके मिळविली. तिच्यात तिघे जण होते. एक सुकाणू धरणारा, एक यंत्र पाहणारा, आणि तिसऱ्याचे मुख्य काम आत येणारे पाणी उपसून टाकण्याचे. पाणी उपसून ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविणारा हा बहुधा एकमेव मनुष्य असावा! पण यात हसण्यासारखे वस्तुतः काही नाही. तो उपसत होता म्हणून होडी तरंगत होती, आणि तरंगत होती म्हणूनच जिंकली.

यानंतर या विद्येच्या दोन वाटा झाल्या. सपाट, शांत पाण्यावर वेग वाढविण्याच्या कामी कारागिरांनी आश्चर्यकारक प्रगती केली. होडी पाणी कापीत जाण्याऐवजी पाण्यावर चढून त्याच्या पृष्ठभागावरून सरकत गेली, म्हणजे पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो, हे तत्त्व हाती आले होते. त्यासाठी होडीचा तळ जितका सपाट तितका बरा. या मार्गाने जाता जाता १९५५ च्या जुलैत डोनाल्ड कॅम्बेल यांनी इंग्लंडमधील अल्झवॉटर सरोवरावर आपल्या 'ब्लूबर्ड' होडीतून ताशी दोनशे दोन मैलांचा वेग गाठला. सरोवरावर! खुल्या समुद्रावर मात्र काय स्थिती होती? १९५६ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतातील मायामी शहरापासून बहामा बेटांतील नासाउपर्यंत शर्यत झाली. अंतर सुमारे एकशे चौऱ्याऐंशी मैल. सॅम ग्रिफिथ आणि डिक बर्ट्राम यांनी 'डूडल्स दुसरी' या चौतीस फुटी लाकडी होडीतून ती नऊ तास वीस मिनिटांत जिंकली. म्हणजे सरासरी वेग ताशी एकोणीस मैल आणि काही अपूर्णांक. १९०३ सालचा तो आकडा आता आठवावा. त्रेपन्न वर्षांत सरोवरावरील वेग दहापट झाला. दर्यावरील वेग होता तेथेच राहिला.

याचे कारण यंत्रात नव्हते. ते लाटेत होते. सपाट तळाची होडी शांत पाण्यावर थाळीसारखी घसरत जाते. पण लाट आली की हाच सपाट तळ पाण्यावर चापटासारखा आदळतो. भरल्या पोहण्याच्या विहिरीत ज्याने लहानपणी पोटावर उडी मारली आहे, त्याला हे अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. होडी मोडते, नाही मोडली तर माणसे मोडतात. दुसऱ्या महायुद्धात टॉर्पेडो घेऊन धावणाऱ्या लहान आरमारी होड्यांवरील खलाशांनी हे हाल पुरेपूर भोगले होते. तेव्हा शहाणा सुकाणूधारी करी काय, तर वेग आटोक्यात ठेवी. यंत्रात पाचशे घोड्यांचे बळ असले तरी दर्या त्यातील जेवढे वापरू देईल तेवढेच खरे.

या कोंडीतून वाट काढली ती रेमंड हंट नावाच्या अमेरिकन आरेखकाने. त्याने होडीचा तळ सपाट न ठेवता इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खोल केला. नाळेपाशी तर सर्वच होड्या अशा निमुळत्या असतात. हंटचे वैशिष्ट्य हे की त्याने तो उतार, सुमारे चोवीस अंशांचा, अगदी मागच्या टोकापर्यंत तसाच नेला. अशा तळाला उचलून धरण्यासाठी यंत्राचे बळ अधिक लागते हे खरे, परंतु लाटेवर पडताना तो पाण्यावर आदळत नाही, पाण्यात शिरतो. तळाशी लांबीच्या दिशेने बसविलेल्या अरुंद पट्ट्या पाणी बाजूला फेकतात आणि होडीला वर उचलतात. १९५८ साली न्यूपोर्ट येथे शिडांच्या नौकांच्या शर्यती चालू असता डिक बर्ट्राम यांनी हंटची अशी एक छोटी होडी खवळलेल्या पाण्यावरून निर्धास्त धावताना पाहिली, आणि तशीच मोठी होडी आपल्यासाठी मागविली. तिला त्यांनी आपल्या पत्नीचे लाडके नाव दिले, 'मॉपी'.

१९६० च्या मायामी–नासाउ शर्यतीच्या दिवशी समुद्र खवळलेला होता. आठ आठ फुटांच्या लाटा उठत होत्या. 'मॉपी' सुमारे आठ तासांत नासाउला पोहोचली. तिच्यामागून दोन तासांनी आली तीही खोल तळाचीच एक लहान होडी, जिम विन यांची. बाकीच्यांपैकी त्या दिवशी कोणीच पोहोचले नाही. तिसरी होडी दुसऱ्या दिवशी उगवली! एका दिवसात एका जुन्या वादाचा निकाल लागला, आणि तो साक्षीपुराव्याने नव्हे, प्रत्यक्षानेच लागला.

या कथेत आपल्या किनाऱ्याचाही एक धागा आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. या विद्येतील युरोपचे सर्वांत प्रतिभावान आरेखक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते रेनातो लेव्ही, 'सनी' लेव्ही म्हणून प्रसिद्ध, यांचा जन्म १९२६ साली कराचीत झाला. त्यांनी विमानविद्येचे शिक्षण इंग्लंडमध्ये घेतले, आणि नंतर मुंबईत आपल्या वडिलांच्या 'आफ्को' या होड्या बांधण्याच्या कारखान्यात ते काम करू लागले. पुढे ते इटलीत गेले, आणि तेथे त्यांनी हंटच्या खोल तळावर स्वतःचे स्वतंत्र संस्कार केले. नाळ अधिक अरुंद, मागचा भाग रुंद, वरून पाहिले तर त्रिकोणासारखी दिसणारी त्यांची होडी 'डेल्टा' या नावाने ओळखली जाऊ लागली. १९६३ साली 'आ स्पेरांझिएल्ला' ही होडी स्वतः चालवून त्यांनी इंग्लंडमधील काउज ते टॉर्की ही शर्यत जिंकली. आपल्या साऱ्या अनुभवाचे पुस्तक त्यांनी १९७१ साली लिहिले, त्याचे नाव 'ढाउज टू डेल्टाज'. ढाउ म्हणजे आपल्या पश्चिम समुद्रावर शतकानुशतके वावरणारी अरबी बांधणीची गलबते. जगातल्या सर्वांत वेगवान होड्या रेखाटणाऱ्या माणसाने आपल्या प्रवासाचा उगम तेथे दाखवावा, ही गोष्ट आमच्या मुंबई–मालवण–पणजीकडील वाचकांस खचितच सुखावणारी आहे.

ज्या काउज–टॉर्की शर्यतीचा उल्लेख वर आला, ती १९६१ साली सर मॅक्स एटकिन यांनी 'डेली एक्सप्रेस' पत्राच्या वतीने सुरू केली. आइल ऑफ वाइट बेटावरील काउजहून निघायचे, 'नीडल्स' या सुळक्यांसारख्या खडकांना वळसा घालायचा, पोर्टलंडच्या भूशिराजवळून, जेथे भरती-ओहोटीचे प्रवाह एकमेकांवर आपटून समुद्राला अक्षरशः उकळी फुटते, पुढे जायचे, आणि लाइम उपसागर ओलांडून टॉर्की गाठायचे. पहिल्या वर्षी सत्तावीस होड्या निघाल्या, नऊ पोहोचल्या. टॉमी सॉपविथ यांनी ती शर्यत 'थंडरबोल्ट' या होडीतून जिंकली. १९६२ साली जिंकलेल्या 'ट्रामोंटाना'चे सुकाणू जेफ्री क्विल यांच्या हाती होते; हेच ते 'स्पिटफायर' या लढाऊ विमानाचे विख्यात परीक्षक वैमानिक. सॉपविथ विमान बांधणाऱ्याचे पुत्र, लेव्ही विमानविद्येचे विद्यार्थी, क्विल वैमानिक. या मंडळींचा समुद्राकडे ओढा असावा हा निव्वळ योगायोग नव्हे. कारण ही होडी चालविणे म्हणजे अर्धे उडविणेच होय.

ते कसे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण लांबून पाहणाऱ्याची समजूत अशी होते की, ज्याच्यापाशी पैसा अधिक आणि यंत्र मोठे तो जिंकणार. माणसाने फक्त चाक धरून बसायचे.

वेगाने धावणारी होडी लाटेच्या माथ्यावरून निसटली, म्हणजे ती सबंधच्या सबंध हवेत जाते. आता पाण्याखाली फिरणारा पंखा पाण्याबाहेर आला. इतका वेळ ज्या पंख्याला पाणी ढकलायचे होते त्याला ढकलायला काहीच उरले नाही. तेव्हा बैलगाडीचे जू तुटले असता बैल जसे उधळतात तसे यंत्र उधळते. त्याच्या फेऱ्या क्षणार्धात मर्यादेबाहेर जातात. त्याच स्थितीत होडी पुन्हा पाण्यावर आली, तर उधळलेला पंखा एकाएकी पाण्यात अडतो, आणि दंड, दातेरी चक्रे, यंत्राचे पोट यांपैकी काहीतरी फुटते. म्हणून होडी पाणी सोडण्याच्या क्षणी बळ कमी केले पाहिजे, आणि ती पाण्याला शिवण्याच्या क्षणी पुन्हा दिले पाहिजे. थोडे अगोदर दिले तर यंत्र फुटेल. थोडे उशिरा दिले तर नाळ खाली जाऊन पुढल्या लाटेच्या पोटात घुसेल. ही सबंध क्रिया एक-दोन सेकंदांची, आणि ती तासन्‌तास, लाटेमागून लाटेला, करीत राहायची.

हे काम इतके जोखमीचे की मोठ्या होड्यांत पुढे त्यासाठी स्वतंत्र माणूसच ठेवण्याची पद्धत पडली. एकाने चाक धरायचे, दुसऱ्याने थ्रॉटल म्हणजे बळ कमीजास्त करण्याचे दांडे सांभाळायचे. आणि बहुधा तिसरा वाट दाखविणारा. लोक चाक धरणाऱ्याचे नाव घेतात, वृत्तपत्रे त्याचेच छायाचित्र छापतात. पण जाणते लोक सांगतात की शर्यत थ्रॉटलवरचा हात जिंकतो. त्याला पुढली लाट दिसावी लागते, तिच्या पलीकडची ओळखावी लागते. यंत्राच्या आवाजावरून होडी पाण्यात किती आणि हवेत किती हे समजावे लागते. तबल्याची साथ करणाऱ्याने गायकाच्या तोंडाकडे पाहून सम जाणावी, तसे हे ऐकणे आहे. शिवाय होडीचा तोल बदलत असतो. निघताना टाक्या इंधनाने भरलेल्या, परतताना रिकाम्या; वारा समोरून असेल तर नाळ जड ठेवावी म्हणून पुढच्या टाकीत समुद्राचेच पाणी भरून घ्यायचे, लाट मागून येऊ लागली की ते सोडून द्यायचे, नाहीतर होडी उतरंडीवर नाक खुपसते. मागच्या टोकाला असलेल्या झडपा वरखाली करून तळ पाण्याशी कोणत्या कोनात राहील हे ठरवायचे. आणि विशेष हे की, या साऱ्या कौशल्याचा मोठा भाग बळ लावण्यात नसून ते योग्य क्षणी आवरण्यात आहे. नवखा मनुष्य दांडे पुढे ढकलून ठेवतो व तासाभरात किनाऱ्याला ओढून आणला जातो.

वाट दाखविणाऱ्याचे हालही काही कमी नव्हते. उपग्रहावरून दिशा सांगणारी यंत्रे आली ती अगदी अलीकडे. तोवर होकायंत्र आणि घड्याळ यांवरच भिस्त. होकायंत्राची सुई आदळआपटीने भिरभिरत असे, नकाशा भिजून लगदा होई, आणि डोळ्यांवर खारे पाणी. १९६९ साली ब्रिटनच्या बेटाला संपूर्ण प्रदक्षिणा घालणारी सुमारे चौदाशे मैलांची शर्यत झाली. तीत दाट धुक्याने भल्याभल्यांची दिशाभूल केली. ती जिंकली टिमो मेकिनेन या फिनलंडच्या गृहस्थाने, जो मूळचा बर्फाच्या रस्त्यांवर मोटार हाकणारा. अनोळखी वाटेवर, कागदावरील खुणांच्या भरवशावर, वेग न सोडता जाण्याची सवय त्याच्या कामी आली असावी.

येथे एक गोष्ट मनात आल्यावाचून राहात नाही. आपल्याकडील कोळी व खारवी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात लोटीत नाहीत; दर्याची मर्जी पाहून मनुष्य आपला दिवस ठरवितो. शर्यतीचा दिवस मात्र सहा महिने अगोदर छापून येतो. लाटेला ती तारीख ठाऊक नसते.

आता शरीराविषयी. एक साधा हिशेब करून पाहू. होडी सहा-साडेसहा फूट उंचीवरून खाली पडली, तर पाण्याला लागताना तिचा खाली येण्याचा वेग ताशी बावीस किलोमीटरांच्या आसपास असतो. म्हणजे सायकल भरधाव हाकून भिंतीवर आपटावी तसा. तीन सेकंदांस एक याप्रमाणे असे लहानमोठे धक्के बसत राहिले, तर तीन तासांच्या शर्यतीत ते तीन हजार सहाशे होतात. पहिल्या पिढीतील लोक हे धक्के उभ्यानेच सोसत. बसलेल्या माणसाचा धक्का सरळ पाठीच्या कण्यात जातो. उभा मनुष्य गुडघे किंचित वाकवून तो पायांत जिरवू शकतो. म्हणून पाठीशी व दोन्ही अंगांस जाड गाद्यांचा आधार करून, घोडेस्वार रिकिबीत उभा राहतो तसे, उभे राहण्याची रीत पडली. पण पुढला धक्का केव्हा येणार हे अगोदर कळले तरच गुडघे वाकविता येतात. नजर क्षणभर चुकली, पाय ताठ राहिला, की घोटा मोडलाच. घोट्याची व पायाची हाडे मोडणे, बरगड्यांना तडे जाणे, मणके दबणे, दात दुखावणे, ही या लोकांची नित्याची दुखणी. यंत्राच्या आवाजाने कान जातात ते वेगळेच.

हे सर्व वाचून कोणास वाटेल की हा निव्वळ आडदांड तरुणांचा खेळ. या समजुतीला उत्तर म्हणून बेटी कुक यांचे उदाहरण देता येईल. कॅलिफोर्नियातील या बाईंनी या शर्यतींत पाऊल टाकले ते पन्नाशीच्या घरात आल्यावर, आणि १९७७ व १९७९ अशी दोन वर्षे त्यांनी जागतिक अजिंक्यपद मिळविले. मादाम द्यु गास्त यांना 'प्रकृती क्षोभाला पेलणार नाही' म्हणणाऱ्या पंचांना हे पाहावयास मिळाले नाही, याचे मला वाईट वाटते. सोसण्याची शक्ती आणि दंडातले बळ या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या क्षेत्रात सत्पुरुषच वावरत होते असे मात्र कोणी समजू नये. डॉन आरोनाउ हे मायामीचे होड्या बांधणारे, दोनदा जगज्जेते झालेले. त्यांच्या 'सिगारेट' या निमुळत्या होड्या शर्यतीत जितक्या गाजल्या तितक्याच चोरटा माल वाहण्यातही. गंमत अशी की, अशा तस्करांना पकडण्यासाठी अमेरिकेच्या जकात खात्याने होड्या बनवून घेतल्या त्याही आरोनाउ यांच्याकडूनच. १९८७ च्या फेब्रुवारीत भर दिवसा त्यांचा गोळ्या घालून खून झाला.

त्याच साली, २३ ऑगस्टला, आइल ऑफ वाइटजवळ शर्यत चालू असता दिदिए पिरोनी यांची 'कोलिब्री' ही होडी 'एसो एव्हॉन' या तेलवाहू जहाजाने मागे सोडलेल्या लाटेवर उधळून उलटी झाली, आणि पिरोनी व त्यांचे दोघे सोबती जागच्या जागी गतप्राण झाले. पिरोनी हे पूर्वी मोटारींच्या सर्वोच्च शर्यतीतले नामांकित खेळाडू. १९८२ च्या एका अपघातात त्यांचे पाय चिंधड्या झाले होते. जमिनीने हाकलले म्हणून पाण्याकडे आलेले हेही एक. त्यांच्या त्या शेवटच्या लाटेकडे मी कायद्याच्या दृष्टीनेही पाहतो. जो स्वसंमतीने धोका पत्करतो त्याची हानी ही कायद्याच्या दृष्टीने हानी नव्हे, हे तत्त्व आम्ही महाविद्यालयात शिकलो. त्यासाठी ब्रुकलँड्स येथील मोटारशर्यतीचा १९३३ चा इंग्लिश निवाडा आवर्जून वाचवीत असत. त्यात प्रेक्षकांनीही नेहमीचा धोका पत्करलेला असतो, असे न्यायालयाने म्हटले होते. पण ब्रुकलँड्सला कुंपण होते आणि आत येण्यास तिकीट होते. समुद्राला ना कुंपण ना तिकीट. तेलवाहू जहाज आपल्या वाटेने चालले होते, आणि शर्यत त्याच्या वाटेत आली होती. तेथे जाळे टाकून बसलेल्या एखाद्या कोळ्याने कोणता धोका पत्करला म्हणायचा? समुद्रावरील टकरी टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, ते शर्यतीतल्या होडीला काही विशेष मुभा देत नाहीत. आणि माझ्या मते तेच योग्य आहे. स्वतःचा जीव पणाला लावण्याचा अधिकार एक वेळ मान्य करू. परक्याचा जीव त्या पैजेत धरण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही.

तीन वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९९० रोजी, मोनाकोच्या समुद्रात आणखी एक अपघात झाला. तेथील राजकन्या कॅरोलिन यांचे पती स्टेफानो कासिरागी हे आदल्या वर्षीचे जगज्जेते. पद राखण्यासाठी उतरले असता त्यांची दुहेरी सांगाड्याची होडी उलटली व ते ठार झाले. सोबती पात्रीस इन्नोचेंती मात्र बचावले. या दुहेरी होड्यांच्या दोन तळांमधून वारा भरतो आणि तोच होडीला उचलून धरतो. त्यामुळे वेग वाढतो, पण वारा एका मर्यादेपलीकडे भरला की होडी कागदासारखी पाठीवर उलथते. कासिरागी उघड्या होडीत होते, आणि आसनाला बांधलेले नव्हते. तोवर जुन्या पिढीचे म्हणणे असे की, बांधून घेतलेला माणूस होडीबरोबर बुडतो, मोकळा असलेला दूर फेकला जाऊन वाचतो. ताशी चाळीस-पन्नास मैलांच्या काळात त्यात तथ्यही होते. शंभराच्या पुढे गेल्यावर पाणी पाणी राहात नाही. त्यावर फेकला गेलेला माणूस फरसबंदीवर फेकल्यासारखा पडतो. राजघराण्यातील मनुष्य गेला म्हणून असो, वा नियम करण्याची वेळच आली होती म्हणून असो, त्यानंतर बंदिस्त बैठक व आसनपट्टे यांविषयीचे नियम कडक झाले.

लढाऊ विमानाला असते तसे पारदर्शक, जाड आच्छादन आधीच काही होड्यांवर दिसू लागले होते. आता त्याचा प्रसार झाला. उभे राहणे गेले. खेळाडू आसनात आवळून बसू लागले, आणि गुडघ्यांचे काम आसनाखालच्या स्प्रिंगांकडे व पट्ट्यांकडे आले. चेहऱ्यावर पाण्याचा सपकारा नाही, कानात वारा नाही. जुने लोक कुरकुरले की, लाट अंगाने कळत असे ती आता काचेतून पाहावी लागते. परंतु त्यातून एक नवाच प्रसंग उभा राहिला. होडी उलटली तर आतला मनुष्य जिवंत राहतो खरा, पण डोके खाली, पाय वर, अंगाभोवती पट्टे, चहूकडे काळोख आणि आत शिरणारे पाणी, अशा स्थितीत. यासाठी होडीच्या तळाला एक दार ठेवले जाते, जेणेकरून उलटल्यावर तेच वर येईल. आणि जवळ श्वासापुरत्या हवेची एक लहान नळी. शिवाय शर्यतीत उतरण्यापूर्वी प्रत्येकाला एक परीक्षा द्यावी लागते. तलावात होडीच्या बैठकीसारखा एक पिंजरा सोडतात, उमेदवाराला त्यात पट्ट्यांनी बांधतात, आणि पिंजरा पाण्याखाली उलटा करतात. त्याने प्रथम स्वस्थ राहावयाचे, पाण्याची खळबळ थांबू द्यायची, एका हाताने ठरलेल्या जागी धरून दिशा निश्चित करायची, दुसऱ्याने हवेची नळी तोंडात घ्यायची, आणि मगच पट्ट्याच्या कळीला हात घालायचा. पट्टा आधी सोडला तर मनुष्य आतल्या आत तरंगू लागतो, वर कोठे आणि खाली कोठे हे त्याला उमगत नाही, आणि दार हाताच्या अंतरावर असूनही सापडत नाही.